गरम झाल्यावर बंद पडणारी एमजीबी: आधी काय तपासायचं, पैसा कुठे घालायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही लेस्टरजवळ राहता आणि गेल्या उन्हाळ्यात १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतलीत. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते, मग आचके देते आणि बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, काही झालंच नव्हतं अशी. प्लग बदलून झाले, नवी ‘स्पोर्ट्स’ कॉइल बसवली, दोन्ही कार्ब्युरेटर खोलून किट टाकले, तरी फरक नाही. शिवाय दाराखाली रंगाला फोड आलेत. आता आधी इंजिनाचं बघू की रंगाचं, आणि मुळात ही गाडी घेऊन चूक तर नाही ना केली, असं तुम्ही विचारलंय.

चूक केलेली नाही. उलट शिकायला याहून चांगली जुनी स्पोर्ट्स कार मिळणं कठीण आहे. माझ्या वडिलांचं कराडला गॅरेज होतं. तिथे रोज अँबेसिडर टॅक्सी यायच्या, आणि त्यांचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे: बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं बी-सिरीज. इंग्लंडला आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा मला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. टॅपेटचा तो आवाज, उजव्या अंगाला प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, डाव्या अंगाला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, सगळं ओळखीचं. हे इंजिन साधं आहे, सोशिक आहे, आणि नीट विचारलं तर काय दुखतंय ते सांगतं.

म्हणून पहिली गोष्ट: आता पुढचा एकही पार्ट विकत घेऊ नका. तुम्ही तीन पार्ट बदललेत, पण गाडी बंद पडलेली असताना, तिथल्या तिथे, काहीच तपासलेलं नाही. घरी आणल्यावर ती ठणठणीत असते, त्यामुळे अंगणात तासन्‌तास बघूनही काही सापडणार नाही. दोष दहा-पंधरा मिनिटंच हजर असतो आणि तेवढ्यात त्याला गाठायचं असतं.

दुसरी गोष्ट, आजच करता येईल अशी: ती नवी कॉइल मोजा. दोन्ही बाजूंच्या वायरी काढा आणि मल्टिमीटरने तिच्या दोन बारीक टोकांमधला रोध बघा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी बघून तो वजा करा. तुमच्या १९७० च्या गाडीला सुमारे ३ ओहमची कॉइल लागते. रबर बंपरवाल्या, म्हणजे १९७४ च्या अखेरीपासूनच्या गाड्यांना वाटेत करंट कमी करणारी बॅलास्ट वायर असते, म्हणून त्यांची कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. बाजारात ‘स्पोर्ट्स’ नावाने दोन्ही विकल्या जातात आणि दिसायला दोन्ही सारख्याच. दीड ओहमची कॉइल तुमच्या गाडीला लावली तर पॉइंटमधून (डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) दुप्पट करंट जातो, कॉइल हात लावू नये इतकी तापते, पॉइंट निळे पडून जळतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी बंद पडते. म्हणजे मूळ दोष वेगळाच असेल आणि तुम्ही बसवलेल्या औषधाने दुसरा जोडला असेल, असंही होऊ शकतं. मीटर दीड दाखवत असेल तर जुनी कॉइल परत लावा आणि मगच पुढचं वाचा.

आता रस्त्यावरची तपासणी. मोटरवेवर जाऊ नका. थांबायला जागा असलेला साधा रस्ता निवडा. बरोबर एक टेस्ट लॅम्प, एक जादा प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर लांब वायर, पाने, काचेची रुंद तोंडाची बरणी, आणि आग विझवण्याचं नळकांडं घ्या. शेवटची वस्तू नसेल तर निघूच नका, कारण या इंजिनात कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या वर बसलेले असतात.

गाडी आचके द्यायला लागली की क्लच दाबू नका. गिअरमध्येच राहू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. या वर्षीच्या गाडीत तो मीटर कॉइलकडे जाणाऱ्या करंटवरच चालतो. चाकं इंजिन फिरवत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर कॉइलचा पुरवठा किंवा पॉइंटची बाजू तुटली आहे. गाडीच्या वेगाबरोबर काटा हळूहळू उतरला, तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे. एक तर पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पुढे रोटर-कॅपमध्ये हरवते. त्याच वेळी चोक थोडा ओढून बघा. एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकतं आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिनाने क्षणभर जरी उचल खाल्ली, तरी समजा पेट्रोल कमी पडतंय.

गाडी थांबली की लगेच इग्निशन चालू करून कान द्या. इलेक्ट्रिक पंप तुमच्या गाडीत मागे उजव्या बाजूला, बॅटरीच्या खोक्याजवळ आहे. कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरेपर्यंत तो टिक-टिक करतो आणि मग शांत होतो. लक्षात घ्या, पंप आणि कॉइल दोघांनाही इग्निशनचीच पांढरी वायर पोसते. काटा शून्यावर गेलाय आणि पंपही मुका आहे, असं दोन्ही एकदम दिसलं, तर दोष दोघांच्या आधी कुठेतरी आहे: इग्निशन स्विच, तिथला जोड, किंवा वाटेतला एखादा बुलेट कनेक्टर. तेव्हा फ्यूज बॉक्समधल्या तपकिरी वायरीपासून, जी कायम जिवंत असते, कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला ती हातभर वायर जोडा. गाडी सुरू झाली तर चोर सापडला. ही वायर फक्त घरी पोचण्यापुरती. चावी काढल्यावरही करंट जात राहतो, म्हणून थांबलात की आठवणीने काढा.

पंप मुका आहे पण काट्याची तक्रार नाही, तर पंपाला पान्याच्या मुठीने हलकेच ठोका. टिकटिकायला लागला तर आतले पॉइंट झिजलेत. तो खोलून नवे पॉइंट टाकता येतात, अख्खा पंप फेकायची गरज नसते.

पंप टिकटिकतोय, किंबहुना थांबायचं नावच घेत नाही, आणि तरी इंजिन उपाशी आहे? मग आधी टाकीचं झाकण उघडा. ‘स्सऽऽ’ करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं छिद्र बुजलंय. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो. हेच बऱ्याचदा बरोबर वीस-पंचवीस मिनिटांचं गणित असतं. झाकण सैल ठेवून फेरी मारली की खात्री होते. आवाज आला नाही तर इंजिन थोडं निवू द्या, कार्ब्युरेटरकडे येणारा पाइप सोडून बरणीत धरा आणि दुसऱ्याला इग्निशन चालू करायला सांगा. मिनिटाला निदान एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, पेट्रोल यायला हवं, आणि धार बुडबुड्यांशिवाय. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. बुडबुडे सतत आले तर टाकी आणि पंपाच्या मध्ये कुठेतरी हवा शिरतेय.

माझ्या पहिल्या गाडीचं नेमकं असंच झालं होतं. आधीच्या मालकाने गंजलेली टाकी कुठल्याशा गॅरेजकडून आतून लेप देऊन घेतली होती. तो लेप काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटला. पंप ओढायला लागला की एक पापुद्रा पाइपच्या तोंडावर येऊन चिकटायचा, गाडी बंद पडायची; पंप थांबला की पापुद्रा सुटून तळाशी बसायचा आणि गाडी पुन्हा चालू. बॅनबरीच्या अलीकडे एका पावसाळी संध्याकाळी मी तिसऱ्यांदा थांबलो होतो, तेव्हा पहिल्यांदा पाइप सोडून बरणी लावली आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं. त्याआधी चार महिने मी कार्ब्युरेटर ट्यून करत बसलो होतो. पंप बंद ठेवून त्या पाइपमधून टाकीकडे उलटी हवा फुंकली की बुडबुड्यांचा आवाज येतो आणि पुढचे काही मैल गाडी मस्त चालते. अशी चालली तर निदान पक्कं. मग टाकीच नवी घ्या. एमजीबीच्या नव्या टाक्या सहज मिळतात आणि जुनीला पुन्हा लेप देण्यात अर्थ नाही.

लोक तुम्हाला ‘व्हेपर लॉक’ सांगतील. मला ते पटत नाही. पेट्रोलची वाफ होण्याचा त्रास साधारणपणे गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं उभं ठेवल्यावर, पुन्हा सुरू करताना होतो. धावत्या गाडीत, वारा लागत असताना, लेस्टरच्या हवेत ते कारण सगळ्यात शेवटी धरा. फक्त कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टमधला उष्णतेचा पत्रा जागेवर आहे ना तेवढं बघा. किट टाकताना तो परत बसवायचा राहून जातो.

पेट्रोल भरपूर आहे, तर डिस्ट्रिब्युटर. जादा प्लग एका वायरीला लावून इंजिनच्या लोखंडावर टेकवा आणि स्टार्टर मारा. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरगळलेली असेल तर माझा पहिला संशय पॉइंटला जोडलेल्या छोट्या कंडेन्सरवर. तो गरम झाला की काम सोडतो आणि गार झाला की बरा होतो, अगदी तुमच्या गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे. आणि नवा आहे म्हणून चांगला असेल असं धरू नका. हल्लीच्या कंडेन्सरमध्ये डब्यातून काढल्यावर आठवडाभरात गेलेले मी पाहिलेत. चांगला चालणारा जुना हाताशी असेल तर जपून ठेवा. दुसरा संशयित रोटर. कॅप काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून तीनेक मिलिमीटरवर धरा (इन्सुलेटेड पकडीने), पॉइंट मिटलेले असताना हाताने उघडा-मिटा. प्रत्येक वेळी ठिणगी पट्टीवर उडी मारत असेल, तर ती रोटर भेदून आतल्या दांड्याला जातेय. रिव्हेट नसलेले लाल रोटर मिळतात, ते चांगले आहेत.

तिसरी जागा बहुतेक जण बघत नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी छोटी मऊ वायर आणि प्लेटची अर्थची विणलेली पट्टी. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे प्लेट सारखी हलते आणि वर्षानुवर्षांनी वायर कातडीच्या आत तुटते. वरून शाबूत दिसते, प्लेट फिरली की संपर्क जातो. बोटाने हळूच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

हे सगळं झाल्यावर पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी ठेवा. आमच्याकडे वडील पोस्टकार्डच्या कडेने अंदाज घ्यायचे, पण तुम्ही फिलर गेज वापरा. प्लगचा गॅप ०.०२५ इंच, व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर ०.०१५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायला माझी हरकत नाही, पण गाडी पॉइंटवर निर्दोष चालायला लागल्यानंतरच. तोपर्यंत ते किट तुमच्या न सापडलेल्या दोषावर पांघरूण ठरेल. बसवलंत तरी पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा, कारण ते किट मेलं की रस्त्यावर दुरुस्त होत नाही.

विजेचं आणखी एक. या गाडीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. त्यांच्यातली जोडवायर आणि इंजिनची अर्थची पट्टी साफ करा. स्टार्टर मारताना चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापत असेल तर अर्थची पट्टी गेली आहे आणि स्टार्टरचा करंट त्या केबलमधून परतीची वाट शोधतोय. त्या काळच्या विजेच्या सामानाला सगळे नावं ठेवतात. माझा अनुभव असा की दहापैकी नऊ वेळा दोष सामानाचा नसतो, पन्नास वर्षांत हिरव्या पडलेल्या जोडांचा असतो.

आता त्या दाराखालच्या फोडांकडे येऊ. मला खरी काळजी त्यांची वाटते. बंद पडणारी एमजीबी थोड्या पैशांत दुरुस्त होते, कुजलेली होत नाही.

आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती. एमजीबी १९६२ मध्ये आली ती चॅसीविना. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसी. रोडस्टरला छप्पर नाही, म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं जवळजवळ सगळं काम दारांखालच्या दोन सिलवर येतं. आणि सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधला उभा पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेली पट्टी, असे अनेक थर मिळून ती पेटी बनते. बाहेर फोड दिसतो तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो.

चाचणी सोपी आहे. गाडीच्या बाजूच्या जॅकच्या जागेवर हळूहळू उचला आणि दाराच्या मागच्या फटीकडे बघत राहा. फट बदलायला लागली किंवा दार उघडताना घासलं, तर लगेच खाली घ्या, सांगाडा वाकतोय. मग पुढच्या चाकामागे विंगचा खालचा भाग, मागच्या स्प्रिंगच्या बैठका, बॅटरीची खोकी आणि कार्पेट उचलून जमीन, एवढ्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवत जा. शाबूत पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेली जागा ठक्क वाजते. लोहचुंबक बरोबर ठेवा. आणि विंडस्क्रीनपुढच्या जाळीतून बादलीभर पाणी ओता. ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवं. नळी पानांनी तुंबली असेल तर पाणी आतल्या पत्र्यावर साठतं, आणि पाय ठेवायची जागा ओली का, याचं उत्तर तिथे असतं.

सिल बदलायची वेळ आली, तर काम देण्याआधी वेल्डरला दोन प्रश्न विचारा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करणार का? आणि पुढचं विंग काढून, मागच्या विंगचा खालचा तुकडा कापून काम करणार का? बाहेरचा सिल त्या दोन्ही विंगांच्या आत शिरलेला असतो, त्यामुळे ते न कापता पूर्ण बदलताच येत नाही. ‘वरून नवा पत्रा चढवतो, स्वस्तात होईल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. कुजलेल्यावर चढवलेला पत्रा दोन हिवाळे चांगला दिसतो आणि आतला गंज दुप्पट वेगाने पसरतो. माझी दुसरी गाडी मी अशीच चकचकीत बघून घेतली होती. रंग सुंदर होता. आत तीन थर होते, एकावर एक, आणि मूळ पत्रा कुठेच नव्हता. ती पूर्ववत करायला मला चार वर्षं लागली. पुढची विंगं, सिल, जमीन, सगळं नवं मिळतं हे या गाडीचं नशीब. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीचा अख्खा सांगाडासुद्धा बनवते आहे.

म्हणून रंगाला आत्ता हात लावू नका. रंग सगळ्यात शेवटी.

पैसा आधी ब्रेकवर. जुने रबरी होज आतून फुगतात. पेडल दाबलं की तेल पुढे जातं पण सोडल्यावर मागे येत नाही, आणि चाक धरून राहतं. तिन्ही होज बदला, तेल बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपेक्षा जुने असतील तर खाचा कितीही खोल असोत, काढून टाका. पुढच्या किंगपिनला दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीस निपल आहेत. दर तीन हजार मैलांनी, चाकं हवेत उचलून, नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. तारांची चाकं असतील तर कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. ‘टक्’ असा आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्यात. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची (इथली गाडीची वार्षिक तपासणी) सक्ती नाही, तरी तुम्ही दरवर्षी करून घ्या. दुसऱ्याच्या डोळ्यांनी खालून गाडी बघितली जाणं हाच त्याचा उपयोग.

पेट्रोल ई-५ घ्या, म्हणजे महागडं सुपर. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालं आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. नळ्या बदलताना ‘आर-९’ छापलेल्या मागा. ऑइल २०डब्ल्यू-५०, आणि त्यात झिंक भरपूर असलेलं, क्लासिक गाड्यांसाठीचं. या इंजिनात कॅम आणि फॉलोअर एकमेकांवर घासत चालतात, आधुनिक पातळ ऑइलमध्ये ते झिजतात. गरम इंजिनावर चालताना ५० ते ८० पीएसआय दाब दिसला तर निर्धास्त राहा.

सिग्नलला थांबताना क्लचवर पाय ठेवून बसू नका. या गाडीचं क्लचचं बेअरिंग कार्बनचं आहे, दाबून ठेवलं की झिजत राहतं, आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं.

येत्या शनिवारी एवढंच करा: कॉइलचे ओहम, टाकीच्या झाकणाचा आवाज, आणि बंद पडताना काटा कसा उतरतो. हे तिन्ही मला कळवा. आणि जॅक लावून दाराच्या फटीचा वरखाली असा एकेक फोटो काढून पाठवा, म्हणजे सिलचं काय करायचं ते नीट ठरवता येईल.